चोवीस तोट्या

आमच्या बर्सलेममध्ये, इंग्लंडातल्या या कुंभारांच्या गावात, कुणाकडे चहाला गेलं की आधी बशी उलटी करून बघायची रीत आहे. कुठल्या कारखान्याचा शिक्का आहे ते पाहायचं, नाक मुरडायचं किंवा मान डोलवायची, आणि मग बशी सुलटी करून चहाला हात घालायचा. लग्नात, मयतीनंतरच्या चहाला, डॉक्टरांच्या घरीसुद्धा आम्ही हेच करतो. परगावचे लोक हसतात, हसू देत बापडे. मी मात्र बशी उलटी करत नाही. मी किटलीची तोटी बघते. टोक सरळ आहे की एका अंगाला कललंय, एवढंच. त्यानंतर कितीही साखर घातली तरी मला तो चहा गोड लागत नाही.

मी थर्झा क्लूलो. माझे वडील जेबेझ क्लूलो चाकावरचे कारागीर होते, आणि चौदाव्या वर्षापासून मी त्यांच्या हाताखाली मातीचे गोळे करून द्यायचे. गोळा तोलायचा, थापटून त्यातली हवा काढायची, त्यांच्या उजव्या हाताशी ठेवायचा. झालेलं भांडं उचलून फळीवर मांडायचं, फळी भरली की खांद्यावर घेऊन सुकवणीच्या खोलीत न्यायची. वीस वर्षं मी हे केलं. लग्न झालं नाही. आई मी अकरा वर्षांची असतानाच गेली होती. घरी आम्ही दोघं आणि कारखान्यातही आम्ही दोघंच, त्यामुळे भांडायला तिसरं माणूस लागायचं नाही.

चाकावर भांडं घडवण्याला आमच्याकडे 'थ्रो' म्हणतात. उरलेल्या देशात थ्रो म्हणजे फेकणं. शाळेत असताना एकदा लंडनकडचे तपासनीस आले आणि त्यांनी मला विचारलं की वडील काय करतात. मी सांगितलं, भांडी थ्रो करतात. ते गृहस्थ इतके हसले की चष्मा काढून पुसावा लागला. म्हणाले, मग आई काय करते, झेलते का? आई जाऊन दोन महिने झाले होते. मी घरी येऊन बाबांना सांगितलं. ते नुसतं म्हणाले, त्यांच्याकडे नसेल तो शब्द. पण हा शब्द आपल्याकडे असा कसा, हे त्यांनाही ठाऊक नव्हतं, आणि मला वाटतं ते त्यांना आयुष्यभर सलत राहिलं. आपण चुकीचं बोलतो की काय, अशी शंका आमच्या लोकांना कायम असते.

मी सांगतेय ते सगळं घडलं १९५८ साली. तोवर आमच्या कारखान्यात चाक एकच उरलं होतं, ते बाबांचं. बाकी सगळा माल साच्यात व्हायचा. प्लास्टरच्या साच्यात पातळ माती ओतायची, कडेला थर धरला की उरलेली काढून टाकायची, साचा उघडायचा, झालं भांडं. ओलिव्ह मेचिन नावाची माझी मैत्रीण साचेखात्यात होती. ती दिवसाला दोनशे किटल्या काढायची आणि वर गाणी म्हणायची. बाबा तिला म्हणायचे, ओलिव्ह, तू स्वयंपाकघरातच काम करतेस, फक्त पोटात जाईल असं काही करत नाहीस. ती म्हणायची, काका, तुम्हीसुद्धा अख्खा जन्म एकाच जागी फिरलात, पोचलात कुठे?

मालकांचे जावई वॉर्डल नुकतेच कारभार बघायला लागले होते. आम्ही त्यांना पाठीमागे जावईबापू म्हणायचो. माणूस वाईट नव्हता, हे मला कबूल करावंच लागतं. तो वाईट असता तर सोपं झालं असतं. ऑगस्टच्या सुट्टीनंतर ते बाबांच्या चाकापाशी आले, टोपी काढून बोलले. म्हणाले, कॅनडातल्या एका दुकानाला हातच्या किटल्या हव्यात, अंगापासून तोटीपर्यंत एका माणसाच्या हातच्या, साच्याचा एक तुकडाही नको. चोवीस नमुने करून दाखवा. पसंत पडले तर चाक राहील. नाही पडले तर त्या जागी साच्यांची बाकं येतील, आणि मग तुम्हाला कुठे बसवायचं ते मलाही ठाऊक नाही.

बाबा म्हणाले, "चाकावरच बसवा, साहेब. दुसरीकडे कुठे बसलो की मला झोप लागते."

ते हसले, जावईबापूही हसले. मी हसले नाही. कारण मला माहीत होतं ते त्या दोघांना माहीत नव्हतं. म्हणजे बाबांना असावं, पण त्यांनी ते स्वतःला सांगितलं नव्हतं.

बाबांची छाती मातीच्या धुळीने भरली होती. आमच्याकडे ते नवं नाही, प्रत्येक गल्लीत दोन-चार घरांतून तसा खोकला ऐकू येतो. पण खोकल्यापेक्षा वाईट होते त्यांचे अंगठे. सेहेचाळीस वर्षं थंड पाण्यात बुडलेले ते अंगठे आता थरथरायचे आणि बधिर झाले होते. किटलीचं अंग ते अजून झोकात उभं करायचे, कारण ते काम खांद्याचं आणि कोपराचं असतं, बोटांना फक्त सोबत करायची असते. तोटीचं तसं नसतं. तोटी म्हणजे बोटभर माती. ती वर ओढत ओढत निमुळती करायची, गळा आवळावा तशी चहूकडून आवळायची, आणि तेवढ्यात अंगठा जरा हलला की सगळं मुडपून खाली बसतं.

चोवीस अंगं करून झाल्यावर त्या गुरुवारी आणि शुक्रवारी बाबांनी चाळीस तोट्या काढायला घेतल्या. त्यांतल्या अकरा उभ्या राहिल्या. बाकीच्या, चाकावरून उचलताना काय किंवा फळीवर ठेवल्यावर काय, मान टाकत गेल्या. बाबा खोकत होते, तोंडावर फडकं धरून बसत होते, परत चाकाला हात लावत होते. मी एकेक तोटी उचलून नेत होते, आणि ते विचारायचे, किती झाल्या गं? मी आकडा सांगायचे. खोटा आकडा सांगायचे. शुक्रवारी संध्याकाळी मी सांगितलं, सव्वीस. ते म्हणाले, "म्हणजे दोन जास्तच. वाटलं नव्हतं." त्यांना खरं वाटलं, कारण खरं वाटायला हवं होतं.

शनिवारी अर्धा दिवस काम असायचं. मी ओलिव्हकडे गेले. बाबांनी दहा वर्षांपूर्वी केलेली, पण अंगाला कधी न लावलेली एक कच्ची तोटी माझ्याकडे जपून ठेवलेली होती. तिच्यावरून ओलिव्हने साचा घेतला. ती घाबरली होती. म्हणाली, थर्झा, हे कळलं तर आपण दोघी दाराबाहेर. मी म्हटलं, कुणाला कळणार आहे? सोमवारी दुपारपर्यंत तिने मला एकसारख्या चोवीस तोट्या दिल्या. बाबांच्या अकरा मी मातीच्या पिंपात परत टाकल्या. अकरा एक प्रकारच्या आणि तेरा दुसऱ्या, हे नजरेत आलं असतं, असा मी विचार केला.

मी फार विचार केला, हे सांगायला हवं. साच्यातली तोटी आतून गुळगुळीत असते, चाकावरच्या तोटीत बोटांच्या रेघा गोल गोल चढत जातात. म्हणून मी करंगळी ओली करून प्रत्येक तोटीत तशा रेघा काढल्या. साच्याच्या जोडाची शीर पुसून टाकली. वजन बघितलं. ओलावा बाबांच्या किटल्यांइतकाच राहील म्हणून ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवल्या. एवढी अक्कल मी पाजळली. आणि जी गोष्ट वीस वर्षं रोज डोळ्यांसमोर होती, ती माझ्या डोक्यात आलीच नाही.

बुधवारी सकाळी मी तोट्यांची फळी बाबांसमोर ठेवली. त्यांनी एक उचलली, उजेडाकडे धरली, म्हणाले, "शुक्रवारी मी बराच बरा होतो म्हणायचं." मग सुरी घेतली. तेवढ्यात फाटकावरून निरोप आला की पाहुणी आली आहे, तिला आत आणायला कुणीतरी या. मी गेले.

पाहुणी म्हणजे ऑर्मरॉडबाई. एका विद्यापीठासाठी त्या शब्द गोळा करत होत्या. गावोगाव सायकलवर हिंडायचं, म्हाताऱ्या माणसांशी बोलायचं, कामाचे शब्द टिपून घ्यायचे, त्याचा पुढे मोठा कोश व्हायचा होता. पन्नाशीच्या होत्या, बूट चिखलाने माखलेले, आणि वाटेत जे दिसेल त्याचं नाव विचारायच्या. ही फळी कशाची, त्या पेट्यांना काय म्हणता, तो माणूस हे काय ओढतोय. फाटकापासून चाकापर्यंत यायला आम्हाला अर्धा तास लागला. मला त्यांचा रागच आला होता, कारण मला बाबांपाशी असायला हवं होतं, का ते कळत नव्हतं.

आम्ही पोचलो तेव्हा नऊ किटल्यांना तोट्या बसलेल्या होत्या. बाबा दहावी कापत होते.

मी ते टोक बघितलं. बाबा तोटीचं टोक तिरपं कापत होते. अर्थातच तिरपं कापत होते. ते कायम तिरपंच कापायचे, त्यांचे वडीलही, चाकावर तोटी काढणारा कुणीही तिरपंच कापतो. कारण ती तोटी पुढे फिरणार असते. माझ्या तोट्या साच्यातल्या, त्या फिरणार नव्हत्या.

बाईंनी वही उघडली आणि नेमकं तेच विचारलं. हे वाकडं का कापता?

"वाकडं नाही बाई, सरळच आहे," बाबा म्हणाले. "फक्त अजून व्हायचंय. हिला चाकावर पीळ बसलाय. माती विसरत नाही. सुकताना थोडा पीळ सोडते, भट्टीत आणखी सोडते. मी वाकडी बसवून देतो, आग तिला सरळ करते. जो सरळ कापतो त्याची किटली जन्मभर तोंड फिरवून बसते."

बाई लिहायच्या थांबल्या. त्यांनी विचारलं की या कामाला तुम्ही थ्रो म्हणता ते का, हे तुम्हाला ठाऊक आहे का. बाबांनी माझ्याकडे बघितलं. चष्मा पुसणारे ते तपासनीस त्यांनाही आठवले असावेत. म्हणाले, नाही बाई, आम्ही असंच बोलतो, चुकत असेल.

मग बाई उलट्या ठेवलेल्या पिंपावर बसल्या आणि सांगू लागल्या. हजार वर्षांपूर्वी या शब्दाचा अर्थ फेकणं नव्हताच. पिळणं, वळणं, फिरवणं, असा होता. सुताला आपण थ्रेड म्हणतो तो त्याच घरातला शब्द, कारण सूत म्हणजे पिळलेला धागा. इथून दहा मैलांवर लीकच्या गिरणीत रेशमाला पीळ देतात, तेही त्याला थ्रोच म्हणतात. जर्मन लोकांचा फिरवण्याचा शब्दही याचाच भाऊबंद. दगड भिरकावताना माणूस हात फिरवतो, गोफण फिरवतो, तिथून कधीतरी फिरवण्याचं फेकणं झालं असावं. नक्की कुणालाच सांगता येत नाही. आणि गंमत म्हणजे फेकण्यासाठी जुना शब्द होता तो वॉर्प. तो बिचारा बेघर झाला आणि आता वाकडं होण्याला वॉर्प म्हणतात.

बाबा म्हणाले, भट्टीत बशी वाकडी होते, आम्ही म्हणतो वॉर्प झाली, तोच का? बाई म्हणाल्या, तोच. बाबांना हे इतकं आवडलं की त्यांनी सुरी खाली ठेवली. म्हणजे दोघांनी घरं बदलली म्हणायची, असं म्हणून ते हसायला लागले, हसता हसता खोकायला लागले, आणि खोकला थांबल्यावर डोळे पुसत म्हणाले, "म्हणजे बाई, चुकत होते ते लोक. आम्ही नव्हतो चुकत."

"तुम्ही एकटेच बरोबर होतात," बाई म्हणाल्या.

सबंध आयुष्यात बाबांच्या चेहऱ्यावर तसा आनंद मी दोनदा की तीनदा बघितला असेल. ते आता बाईंना दाखवण्यासाठी कापू लागले. अकरावी. बारावी. प्रत्येक कापाबरोबर ते माती कशी लक्षात ठेवते ते सांगत होते आणि बाई ते शब्द न् शब्द उतरवून घेत होत्या. मी शेजारी उभी होते. बारा तोट्या अजून वाचवता आल्या असत्या. एवढंच म्हणायचं होतं की बाबा, थांबा, या तुमच्या नाहीत. त्या बाईंसमोर म्हणायचं होतं. मी तेरावी किटली उचलून त्यांच्यासमोर ठेवली.

शेवटची तोटी बसवल्यावर बाबांनी किटली माझ्यापुढे फिरवली. "थर्झे, बघ गं, काप बरोबर आहे ना? माझे डोळे हल्ली दगा देतात."

मी म्हटलं, "बरोबर आहे, बाबा."

पुढचे बारा दिवस मी स्वतःला काय काय समजावत होते ते सांगायलाही लाज वाटते. साच्यातली मातीही थोडी फिरत असेल. भट्टीचा काय भरवसा. कधी कधी आचेने सगळंच सरकतं. चॅपलमध्ये रविवारी मी डोळे मिटून मागणं मागितलं की देवा, त्या चोवीस तोट्या जरा फिरव. देवाला असलं मागणं त्याआधी कुणी केलं नसेल. आणि रात्री जेवताना बाबा माझ्या ताटात ओटचं जास्तीचं धिरडं वाढायचे आणि कॅनडाबद्दल बोलायचे. तिथे म्हणे चहा गार होतो लवकर, जाड किटली लागेल.

भट्टी मंगळवारी उघडली. माणसांनी ओली फडकी डोक्याला गुंडाळून मातीच्या पेट्या बाहेर काढल्या, आणि अंगणातल्या लांब बाकावर किटल्या ओळीने मांडल्या. चोवीसच्या चोवीस तोट्या एकाच बाजूला कललेल्या होत्या. चॅपलच्या बाकावर पेंगलेल्या माणसांची रांग दिसते तशा. कुणीतरी मागून फिसकन हसलं आणि लगेच गप्प झालं.

जावईबापूंनी एक किटली हातात घेतली, खाली ठेवली, दुसरी घेतली. मग बाबांकडे बघितलं.

बाबा बाकाशी गेले. त्यांना काही समजत नव्हतं, हे मला त्यांच्या पाठीवरून कळत होतं. सेहेचाळीस वर्षांत त्यांचा काप असा कधी चुकला नव्हता, आणि चुकलाच तरी एखाद-दुसऱ्या तोटीचा, चोवीसांचा नाही. मग त्यांनी एक किटली उचलली आणि करंगळी तोटीत घातली. बोट आत फिरवलं. परत फिरवलं.

मी काढलेल्या रेघा उलट्या होत्या. तोटी बाकावर ठेवून, बोट वरून आत घालून मी त्या काढल्या होत्या, आणि माझ्या हाताच्या वळणाप्रमाणे त्या डावीकडून चढण्याऐवजी उजवीकडून चढत गेल्या होत्या. बाबांचे अंगठे बधिर झाले होते. करंगळी झाली नव्हती.

त्यांनी वळून माझ्याकडे बघितलं. रागाने नाही. रागाने बघितलं असतं तर मी तिथेच सगळ्यांसमोर सांगून टाकलं असतं, अजूनही मला तसंच वाटतं. त्यांनी फक्त ओळखल्यासारखं बघितलं. मग साचेखात्याच्या दाराकडे नजर टाकली. तिथे ओलिव्ह पांढरीफटक पडून उभी होती.

किटली खाली ठेवून बाबा जावईबापूंना म्हणाले, "हात गेला माझा, साहेब. अंदाजच राहिला नाही."

वॉर्डल म्हणाले, एकदा परत करून बघायचं का? त्यांनी खरंच विचारलं. बाबा म्हणाले, नको, माती वाया जाईल. मग म्हणाले, यातली एक मी घरी नेऊ का? बाकीच्या तेवीस त्याच दिवशी मागच्या खापरांच्या ढिगावर गेल्या. शुक्रवारी चार माणसांनी चाक उपटून काढलं. मला साचेखात्यात घेतलं, ओलिव्हच्या शेजारच्या बाकावर. बाबांच्याच जागेवर.

घरी आणलेली किटली बाबांनी खिडकीत ठेवली. झिलई न चढवलेली, चहासाठी निकामी, मान कलंडलेली. तिच्याबद्दल ते एक शब्द बोलले नाहीत. मी रोज ठरवायचे, आज सांगायचं. धिरडी परतताना ठरवायचे, त्यांची पाठ चोळताना ठरवायचे. ते मला बोलायची संधीच देत नव्हते. मी तोंड उघडलं की ते हवापाण्याचं काही काढायचे, नाहीतर ओलिव्हची चौकशी करायचे. त्यांनी ती गोष्ट मिटवून टाकली होती, आणि मला ती उघडायची परवानगी नव्हती. हाताला काम नसलेला माणूस किती लवकर संपतो ते मी त्या हिवाळ्यात बघितलं. नाताळनंतर ते अंथरुणातून उठले नाहीत.

जानेवारीत ऑर्मरॉडबाईंचं पत्र आलं. मी बाबांच्या उशाशी बसून वाचून दाखवलं. बाईंनी लिहिलं होतं की 'थ्रो' या शब्दाच्या नोंदीत तुमचं वाक्य घ्यायचं ठरलं आहे. सोबत कार्डाची नक्कल होती. त्यावर टंकलेलं होतं: "माती विसरत नाही. मी वाकडी बसवून देतो, आग तिला सरळ करते." खाली लिहिलं होतं, चाकावरचा कारागीर, बर्सलेम. हजार वर्षांपूर्वीचा अर्थ आजही कामात कसा जिवंत आहे याचा एवढा चांगला दाखला सबंध देशातून दुसरा मिळालेला नाही, असं बाईंचं म्हणणं होतं. फक्त एक पडताळा हवा होता. त्या चोवीस तोट्या भाजल्यावर किती फिरल्या? वसंतात येऊन एखादी मोजता येईल का? कारखान्यात विचारून बघू का?

बाबा डोळे मिटून पडले होते. मला वाटलं झोप लागली. मग म्हणाले, ती नक्कल दे. मी दिली. ते ती छातीवर ठेवून पडून राहिले. वाचायला चष्मा मागितला नाही.

"लिही तिला," ते म्हणाले.

मी कागद घेतला.

"लिही, तोट्या फिरल्या नाहीत. जशा कापल्या तशाच राहिल्या. सबंध कारखान्याने बघितलंय. मी सांगितलं ते म्हाताऱ्या माणसाचं बोलणं होतं, ते छापू नये. आणि यायचे कष्ट घेऊ नयेत." हे एवढं सांगायला त्यांना चार वेळा थांबावं लागलं.

मी म्हटलं, "बाबा, पण ते खरं आहे."

"खरं आहे ते मला ठाऊक आहे," बाबा म्हणाले. "तुलाही ठाऊक आहे. बाई कारखान्यात विचारायला गेली तर आणखी कुणाकुणाला ठाऊक होईल. लिही."

मी लिहिलं. माझ्याच अक्षरात लिहिलं, एक शब्द न बदलता, आणि खाली त्यांचं नाव घातलं, कारण त्यांना पेन धरवत नव्हतं. नक्कल पत्राबरोबर परत पाठवायची होती. त्यांच्या हातातून ती सोडवून घ्यावी लागली. पाकीट चिकटवून मी पेटीत टाकून आले. रस्त्यात मला वाटलं होतं की पेटीपाशी माझा हात थांबेल. थांबला नाही.

फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यात बाबा गेले. मयतीनंतरच्या चहाला आलेल्या लोकांनी बश्या उलट्या करून बघितल्या. कुणीतरी खिडकीतली किटली उचलून तिच्या तळाचा शिक्का वाचला, मग तोटी बघितली आणि किटली परत ठेवली.

नऊ वर्षांनी बाईंचा कोश आमच्या वाचनालयात आला. मी ओलिव्हलाही न सांगता एका शनिवारी गेले. 'थ्रो' या शब्दाने चार पानं घेतली होती. दगड फेकणं. घोड्याने स्वाराला पाडणं. झटका येणं. मेजवानी देणं. आपला आवाज दुसरीकडून आल्यासारखा काढणं. शर्यतीत मुद्दाम हरणं. चाकावर भांडं घडवणं हा अर्थ तिसऱ्या पानावर होता, दीड ओळीत. मूळ अर्थ पिळणं, हेही होतं. दाखला दुसऱ्याच कुठल्या गावचा आणि दीडशे वर्षांपूर्वीचा दिला होता. बर्सलेमचं नाव नव्हतं. मी चारही पानं पुन्हा एकदा पहिल्यापासून वाचली.

वाचनालयातली मुलगी माझ्या बाकापाशी आली. हवं होतं ते सापडलं का, असं तिने विचारलं. मी म्हटलं, सापडलं.